काच शाबूत, आतला सेल तडकलेला



गल्लोगल्ली गच्च्यांवर सौर पॅनल चढताहेत, शेतात सौरपंप बसताहेत. पॅनल आलं की घरमालक काच नीट बघतो, कुठे चरा नाही ना, तडा नाही ना, आणि सही करून मोकळा होतो. मला बोलायचं आहे ते त्या काचेखालच्या तड्यांबद्दल. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यातले कितीतरी तडे, पॅनल कारखान्यातून निघाल्यावर, आपल्याच हातापायांनी पडतात.

काचेखाली वीज बनवणारा सिलिकॉनचा सेल म्हणजे मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी पातळ चकती. वीसेक वर्षांपूर्वी ती जवळजवळ दुप्पट जाड असे. सिलिकॉन वाचवायचं म्हणून पातळ होत गेली. हा पदार्थ दाब बराच सोसतो, पण ओढ बसली की तडकतो.

आता पॅनलवर कोणी पाय ठेवला तर काय होतं बघा. कुठलीही वस्तू वाकली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधल्या एका थराला ताणही नसतो, दाबही नसतो. नेहमीच्या पॅनलला वर तीन मिलिमीटरहून थोडी जाड काच, खाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा. सेल काचेखाली, म्हणजे नेमके ताणल्या जाणाऱ्या बाजूला. टाचेखाली काच लवते, पाय उचलला की सरळ होते. ती कडक केलेली काच, तिला काही होत नाही. खालचा सेल मात्र तडकलेला असू शकतो. काही विक्रेते मजबुती दाखवायला पॅनलवर उभे राहतात. प्रमाणपत्राच्या चाचणीत 2400 पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 245 किलोंचा भार देतात हे खरं, पण तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो, टाचेसारखा एका जागी नाही. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची काच असलेली पॅनलं आता मिळतात. त्यात सेल बरोबर मधल्या थरात बसतो. ही रचना मला मनापासून आवडते.

तडा गेला की वीज लगेच घटतेच असं नाही. सेलवरच्या चांदीच्या बारीक रेषा तुटत नाहीत तोवर प्रवाह चालू राहतो. पण पॅनल दुपारी साठ अंशांच्या वर तापतं, रात्री गार होतं, वाऱ्याने थरथरतं. हळूहळू त्या रेषाही तुटतात आणि सेलचा एक तुकडा वेगळा पडतो. सेल एकामागे एक जोडलेले. पाट एका जागी अरुंद झाला की पुढे तेवढंच पाणी जातं, तसं इथे होतं. अडलेला सेल तापतो, मागचा पडदा करपू शकतो. पॅनलमधले डायोड सेलांच्या त्या ओळीला वगळतात म्हणून बाकीचं पॅनल चालतं, पण त्या ओळीची वीज गेलीच.

हे तडे पाहायची युक्ती फार सुंदर आहे. अंधारात पॅनललाच बाहेरून वीज द्यायची. सेल अवरक्त प्रकाश देऊ लागतो. आपल्याला काही दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतं. धडधाकट सेल उजळ, तडा म्हणजे काळी रेघ. एकस्फटिकी सेलमध्ये ती बहुधा कडेशी 45 अंशांत तिरकी जाते, कारण स्फटिक ठरावीक प्रतलांतच फाटतो. तुटून पडलेला तुकडा पूर्ण काळा.

मुंबईच्या आयआयटीतलं सौर विद्युत संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी 2013 पासून देशभर जागेवर जाऊन पॅनलं तपासली. छतांवरच्या, लहान यंत्रणांतल्या पॅनलांची क्षमता मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त वेगाने घटलेली त्यांना आढळली. मला याचं नवल वाटत नाही. मोठ्या प्रकल्पात माल बंद खोक्यांत येतो, यंत्राने उतरतो. घराकडे येताना खोकं दुकानातच फुटतं. सुटी पॅनलं टेम्पोत एकावर एक आडवी, खड्ड्यांतून. मग जिन्यावरून एकट्याच्या डोक्यावर, दोन्ही टोकं लवत. वर क्लँप आवळणारा पोरगा शेजारच्या पॅनलवर गुडघा टेकतो, कारण दोन ओळींत पाय ठेवायला वाट सोडलेलीच नसते. त्या पोराला बोल लावू नका. वाट सोडायची ती आराखडा करणाऱ्याने.

तेव्हा काम ठरवतानाच सांगा: पॅनल दोघांनी उभं धरून न्यायचं, चालायला दीड-दोन फूट जागा सोडायची. नंतर धुवायचं ते सकाळी, काच गार असताना, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने, आणि त्या सोडलेल्या वाटेवर उभं राहून.