तोंड उघडा, आणि पुन्हा या



पदवीदान समारंभात पाहुण्यानं तुम्हा नव्या डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिकांना आभाळाकडे बघायला सांगायचं असतं. मी मानेचा आणि तोंडाचा सर्जन. मी तोंडातच बघायला सांगणार.

आपलं जालना स्टीलचं, बियाण्यांचं, मोसंबीचं गाव. रोलिंग मिलच्या रात्रपाळीत, मोंढ्यात, उसाच्या फडात झोप आणि भूक मारायला तंबाखूचा बार असतो, नाहीतर पुडी. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. पुडी कुठे मिळते ते मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उद्या तुमच्याकडे पस्तिशीतला कुणी दाढदुखी म्हणून येईल. त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. दोनसुद्धा जात नसतील, तिखट झोंबतं म्हणून तो भाकरी वरणात कुस्करून खात असेल, तर दाढ जरा बाजूला ठेवा आणि गालाच्या आत टॉर्च मारा. अस्तर पांढरं पडलेलं दिसेल, बोटाला आत ताठ पट्टे लागतील. हा सबम्युकस फायब्रोसिस, कॅन्सरच्या आधीची पायरी. तो म्हणेल, ‘साहेब, तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो.’ नुसती सुपारीही माणसात कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलं, त्यालाही आता वीस वर्षं झाली.

मग तुकडा तपासायचं नाव काढलंत, की घरचे उठतील. ‘सुई लावली की पसरतं’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. वाद घालू नका. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट हातातून जाऊ देऊ नका, एवढं पाहा.

वाट पाहणं किती महाग पडतं, यावरचं आपल्याकडचं मोठं संशोधन मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. तोंडात छोटी गाठ आहे, मानेत काही लागत नाही. मानेतल्या ग्रंथी तेव्हाच काढायच्या, की दिसल्यावर? जगभरचे सर्जन यावर अनेक दशकं भांडत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून रुग्णांचे दोन गट करून ते तपासलं. 2015 मध्ये 500 रुग्णांचा निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला: तीन वर्षांनी आधीच मान साफ केलेल्यांपैकी 80 टक्के जिवंत, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5. वाट पाहण्यात अडचण अशी, की मानेतली गाठ लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असे. आणि ते पेशंट नियमित तपासले जात होते! आपला मंठा-परतूरचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जातो, तो उन्हाळ्यात परततो. ‘महिन्यानं दाखवा’ हे वाक्य लिहिताना त्याचा हंगाम विचारलात का?

आता जनुकांबद्दल. गाल आणि हिरडीचा कॅन्सर, म्हणजे जिथे पुडी दाबून ठेवतात तिथला, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पात भारतानं आपल्या वाट्याला घेतला. टाटा मेमोरियलचा खारघरचा विभाग आणि कल्याणीची जैववैद्यकीय जनुक संस्था यात होत्या. गाठीतला डीएनए त्याच माणसाच्या रक्तातल्या डीएनएशी ताडून पाहिला. 2013 मध्ये बदललेल्या जनुकांत टीपी53, कॅस्प8, नॉच1 ही आधीपासून माहीत असलेली नावं सापडलीच. शिवाय यूएसपी9एक्स, एआरआयडी2 अशी या जागेच्या कॅन्सरची नवी नावंही. रक्तात नसलेले आणि गाठीत असलेले हे बदल आयुष्यात कमावलेले असतात. म्हणून बापाच्या खाटेशी बसलेला मुलगा ‘हे खानदानी आहे का?’ असं विचारतो, तेव्हा त्याला सांगता येतं की बापाकडून हा रोग सहसा रक्तातून येत नाही. फक्त पुडी बापाचीच असेल तर ती आधी खिशातून काढ. यादीतल्या बहुतेक जनुकांवर औषध नाही, हेही सांगून टाकतो. यादी वाचून हुरळणारे परिषदांतून पुष्कळ भेटतात.

मला जास्त भावलं ते 2022 चं काम. निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध. त्याचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. टाटामधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश यांच्या गटानं पुढे गेलेल्या आजारात स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. वर्षानंतर जिवंत राहिलेले 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. पेशंटला परवडेल का, हा प्रश्न त्यांनी संशोधनाच्या बाहेर ठेवला नाही.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. तोंडातल्या शंभर पांढऱ्या चट्ट्यांपैकी नेमके कोणते कॅन्सरमध्ये उलटतील, हे आज खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात: नाव, गाव, चट्ट्याचा फोटो, तोंड किती मिलिमीटर उघडतं, पुडी सुटली की नाही. ही माणसं घनसावंगीत, जाफराबादेत, भोकरदन तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेत, आणि त्यांची घरं आशाताईंना पाठ आहेत. कुणाला असं रजिस्टर सुरू करायचं असेल तर जेवणाच्या वेळी मला गाठा. मी पाचपर्यंत इथेच आहे.