हद्दीच्या दगडापाशी

माननीय अध्यक्षमहाराज, निरनिराळ्या विद्यापीठांतून व वीजखात्यांतून आलेले विद्वज्जन, आणि बंधुभगिनींनो,

पंचगंगेच्या काठच्या या इचलकरंजी नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करताना मला होणारा आनंद केवळ यजमानाचा नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग चालविल्यापासून ज्या गावाचा प्रपंच मागाच्या ठोक्यावर चालत आला, त्या गावातील, आपल्या विषयाची, म्हणजे विजेचा दाब क्षणभर उतरण्याची, झळ स्वतः सोसलेल्या एका कारखानदाराचा तो आनंद आहे.

विद्युत्दाब नेहमीच्या नव्वद टक्क्यांखाली, परंतु दहा टक्क्यांच्या वर, अर्ध्या आवर्तनापासून एका मिनिटापर्यंत उतरून पूर्ववत झाला, तर त्यास आपण क्षणिक दाबपतन म्हणता. वीज गेलेली नसते, दिवा मंदावतो इतकेच. परंतु तेवढ्यात काँटॅक्टर सुटतात, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे माग थांबतात, आणि ते पुन्हा सुरू करताना कापडावर जो आडवा पट्टा उमटतो, तो व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

एका पावसाळ्यात असे वारंवार घडले, तेव्हा मी वीज पुरविणाऱ्यांच्या दफ्तरी तक्रार गुदरली. दोष तुमच्याच मोठ्या मोटारीचा, असे उत्तर आले. दोष वाहिनीचा, असे मी लिहिले. आणि पुरावा दोघांपाशीही नसल्यामुळे ते प्रकरण कागदांवर कागद चढत तसेच पडून राहिले. मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते हे खरे; पण त्याच उपकेंद्रातून निघालेल्या शेजारच्या फीडरवर झाडाची फांदी पडली, किंवा दूरच्या उच्चदाब वाहिनीवर वीज कोसळली, तरीही आमचा दाब ढासळतो, हेही तितकेच खरे.

शेताच्या भांडणात मोजणीदार हद्दीचा दगड शोधतो. आमच्या भांडणात तो दगड म्हणजे मीटर, आणि दोष त्याच्या अलीकडे की पलीकडे, हा एकच प्रश्न. दाब उतरताना प्रवाह वाढला तर दोष ग्राहकाकडे, घटला तर पुरवठ्याकडे, असा ठोकताळा सोपा वाटतो खरा; परंतु वरच्या बाजूस दोष घडताच आमच्याच फिरत्या मोटारी काही क्षण जनित्राप्रमाणे उलटा प्रवाह सोडतात, आणि केवळ प्रवाहाचा आकडा पाहणारा मनुष्य निर्दोषावर खापर फोडून मोकळा होतो. म्हणूनच २००० साली पार्सन्स, ग्रेडी, पॉवर्स आणि सोवर्ड यांनी आकडा सोडून दिशा धरली: दाबपतनाच्या वेळची शक्ती आणि त्याआधीची स्थिर शक्ती यांतील फरक काढून, ती जादा ऊर्जा कोणीकडे वाहिली, हे त्यांनी पाहिले. तथापि तीनपैकी एकाच फेजवर दोष असेल, तर एका पद्धतीचा निवाडा दुसरीशी जुळेलच असे नाही. आणि वीज अनेक वाटांनी येते अशा जाळ्यात एका मीटरची साक्ष अपुरी पडते. आपल्या चर्चेचा अधिकांश वेळ या दोन अडचणींना मिळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण अशा निवाड्याअभावी लहान मागवाला तोटा मुकाट्याने सोसतो, त्याच्यापाशी दाद मागण्यापुरताही कागद नसतो.

आज दुपारी आमच्या मागांच्या शेडी आपल्यासाठी उघड्या आहेत. त्या तक्रारीनंतर बसविलेल्या माझ्या नोंदयंत्राने टिपलेल्या दाब-प्रवाहांचे आलेख तेथील टेबलावर मांडले आहेत. ते आपण परखडपणे तपासावेत, आणि त्यांतला दोष माझ्या हद्दीत निघाला, तर तसे मला स्पष्ट सांगावे. आता मी अध्यक्षमहाराजांस आसन ग्रहण करण्याची विनंती करतो.