टाकीत यीस्ट कशाला?



आपल्या सोलापुरात ज्या वसाहतींत ड्रेनेजची लाईन पोचलेली नाही, तिथे सेप्टिक टँक तुंबली की उपाय सांगणारे बरेच भेटतात. कुणी म्हणतं बेकरीतलं यीस्ट टाका, कुणी म्हणतं गूळ आणि ताक ओता. कळकळीने सांगतो, यातलं काही करू नका.

यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. टाकीत साचतो तो मैला, तेलाचा तवंग, भाज्यांचे तंतू. ते पचवणं यीस्टचं काम नव्हे. त्यात गूळ घातला तर बुडबुडे सुटतात, तळाला बसलेला गाळ ढवळला जातो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊ शकतो. मग खड्ड्याच्या कडा लिंपल्या जातात. सोलापूरची काळी माती ओली झाली की फुगते, पाणी आधीच कष्टाने मुरतं. त्यात हा गाळ गेला की खड्डा नव्याने खणावा लागतो.

इडलीच्या पिठाचं भांडं विसळलेलं पाणी गेलं तर काही बिघडत नाही. उरलेलं आंबट पीठ पातेलंभर ओतणं मात्र वाईट. पिष्टाचं आम्ल होतं आणि शेवटी मिथेन वायू बनवणारे जंतू आम्लात थंडावतात.

टाकीला लागणारे जंतू आपल्याच पोटातून, मैल्याबरोबर रोज येतात. त्यांना हवा नको असते, ऊब हवी असते, आणि ऊन तर सोलापूरला भरपूर! देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी अशाच जंतूंच्या बळावर शौचालयाला गॅस संयंत्र जोडून दाखवलं. त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अगदी नव्या टाकीसाठी भारतीय मानक काय सांगतं? टाकी पाण्याने भरा, चालू टाकीतला थोडा मुरलेला गाळ घाला. तो नसेल तर कुजलेलं शेण चालेल. यीस्टचं नावही नाही.

या जंतूंना मारतं ते आपलं ॲसिड. संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून बाटलीभर ॲसिड किंवा ब्लीचिंग ओतलं जातं. ब्रशने घासून थोड्या साबणाने भागतं, हे घरात सगळ्यांना सांगा. तळणाचं तेलही मोरीत नको.

गाळ मात्र कोणत्याही पुडीने संपत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवून, पाईपने उपसून घ्यावाच लागतो. आत माणूस उतरवू नका, कितीही घाई असली तरी. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासांत माणूस पाडतो, वाचवायला उतरलेलाही जातो. हाताने मैला सफाईवरच्या 2013 च्या कायद्यानेही सुरक्षा साधनांशिवाय कुणाला उतरवायला बंदी आहे. झाकण उघडल्यावर जवळ काडी ओढू नका, मुलांना लांब ठेवा. आणि गाडीवाल्याला सांगा, तळ पूर्ण खरवडू नका. थोडा जुना गाळ राहू द्या, नवं काम त्याच्यावरच सुरू होतं.