चौघांचा ताल, एकाचा आवाज

आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच असेल. गायक नटांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिली. परंतु त्यांच्या पदांना ज्यांनी ऑर्गनची आणि तबल्याची साथ केली, त्यांपैकी किती जणांची नावे आज आपल्याला सांगता येतील? गाणे संपले की टाळी गायकाला मिळते, आणि साथीदारांनीही हा रिवाज मनोमन मान्य केलेला असतो. पण समजा, गाणे मुळी साथीतूनच जन्माला आले असेल, तर ते कोणाचे म्हणावयाचे? आणि गायक एके दिवशी मेळ सोडून एकटा निघाला, तर त्याच्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते? या प्रश्नाचा विचार आज मी अमेरिकेतील एका वाद्यमेळाच्या आधाराने करणार आहे. मेळाचे नाव ‘टॉकिंग हेड्स’ आणि त्याच्या गायकाचे नाव डेव्हिड बर्न.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात रॉक संगीत हा एक अवाढव्य व्यवसाय होऊन बसला होता. मोठमोठी मैदाने, डोळे दिपविणारे दिवे आणि लांबच लांब गिटारवादन असा त्याचा थाट असे. या थाटाविरुद्ध न्यूयॉर्क व लंडन येथील तरुणांनी जे बंड पुकारले, ते ‘पंक’ या नावाने ओळखले जाते. त्यात वेग होता, राग होता आणि मुद्दाम राखलेला ओबडधोबडपणा होता. त्याच्या पाठोपाठ, किंबहुना त्याच्याच हातात हात घालून, जे संगीत आले त्याला ‘न्यू वेव्ह’ म्हणजे नवी लाट असे नाव पडले. या मंडळींनी पंकची काटकसर उचलली. परंतु तिच्यात विनोद, विचार आणि परक्या संगीताविषयीचे कुतूहल यांची भर घातली. टॉकिंग हेड्स हे या नव्या लाटेतील अग्रगण्य नाव होय.

बर्नचा जन्म १९५२ साली स्कॉटलंडमधील डम्बार्टन या गावी झाला. आईवडिलांबरोबर तो बालपणीच प्रथम कॅनडात आणि तेथून अमेरिकेतील मेरिलँड राज्यात आला. ‘ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन’ या कलाशिक्षणसंस्थेत त्याची क्रिस फ्रँट्झ आणि टीना वेमथ यांच्याशी गाठ पडली. पुढे तिघेही न्यूयॉर्कला आली. फ्रँट्झ ड्रम वाजवीत असे; बर्न गात असे आणि गिटार वाजवीत असे. बास गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, वाजविणारे कोणी मिळेना, तेव्हा टीनाने ती हाती घेतली आणि शिकून घेतली. जून १९७५ मध्ये बाउरी रस्त्यावरील ‘सीबीजीबी’ नावाच्या लहानशा जागेत, रामोन्स या मेळाच्या कार्यक्रमापूर्वी, या तिघांनी आपला पहिला कार्यक्रम केला. १९७७ साली जेरी हॅरिसन हा की-बोर्ड व गिटार वाजविणारा चौथा सहकारी त्यांना मिळाला, आणि त्याच वर्षी मेळाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. दूरचित्रवाणीवर केवळ डोके व खांदे दिसणारा जो वक्ता असतो, त्याला त्या व्यवसायात ‘टॉकिंग हेड’ म्हणतात. तेच नाव मेळाने घेतले. नभोवाणीवर बोलणाऱ्या आम्हां लोकांना तर तेवढे डोकेही नसते!

बर्नचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तो ताणलेला, मध्येच फाटणारा, भेदरलेल्या माणसासारखा आहे. प्रेम आणि विरह हे नेहमीचे विषय टाळून तो इमारती, कागदपत्रे, शहरे, विजेची उपकरणे यांविषयी गाई. १९७८ सालच्या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे नावच मुळी ‘इमारती आणि खाद्यपदार्थ यांविषयी आणखी गाणी’ अशा अर्थाचे होते. असा हा बुजरा, अवघडलेला आवाज एकटाच ऐकावयास मिळाला असता, तर श्रोते दोन गाण्यांत कंटाळले असते. त्याला तोलून धरले ते फ्रँट्झच्या भक्कम ठेक्याने आणि टीनाच्या बासने. टीना फार कमी स्वर वाजविते; पण जे वाजविते ते नेमक्या ठिकाणी. गायक थरथरतो आहे आणि त्याच्या पायांखालची जमीन मात्र हलत नाही, या विरोधातच या मेळाची गोडी आहे.

तिचा परमोत्कर्ष १९८० साली ‘रिमेन इन लाइट’ या ध्वनिमुद्रिकेत झाला. ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार त्या वेळी निर्माता म्हणून त्यांच्याबरोबर काम करीत होता. बहामा बेटांतील नॅसॉ येथील ध्वनिमुद्रणगृहात या सर्वांनी एक निराळीच पद्धत अवलंबिली. आधी शब्द व चाल रचून मग साथ बसवावयाची, हा क्रम त्यांनी उलटा केला. प्रत्येकाने एक लहानसा तुकडा पुनःपुन्हा वाजवावयाचा, त्यावर दुसऱ्याने आपला तुकडा चढवावयाचा, आणि या आवर्तनांच्या थरांतून गीत आकाराला येऊ द्यावयाचे. नायजेरियाचा थोर संगीतकार फेला कुटी याच्या संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता. पाश्चात्य गीतांत पायरीपायरीने बदलत जाणारी जी स्वरसंगती असते, ती येथे जवळजवळ स्थिर आहे. आपल्या कानांना हे परके वाटू नये. तंबोऱ्याचा षड्ज मैफलभर बदलत नाही आणि तरीही त्यावर गाणे फुलत जाते, हे आपण जाणतोच.

वाद्यांचे थर तयार झाल्यावर प्रश्न उरला शब्दांचा. बर्न त्या काळी नभोवाणीवरील अमेरिकन धर्मोपदेशकांची प्रवचने ध्यान देऊन ऐकत असे. ज्याने रविवारची प्रवचने ऐकली आहेत, त्याला ठाऊक असते की उपदेशकाचे शब्द पुष्कळदा विस्मरणात जातात. पण त्याच्या आवाजाचा चढउतार कानांत राहतो. बर्नने नेमका तो चढउतार उचलला. ‘वन्स इन अ लाइफटाइम’ या गीतात एक संसारी गृहस्थ आपल्या घराकडे व पत्नीकडे अनोळख्यासारखा पाहतो आणि आपण येथवर आलो तरी कसे, असा प्रश्न स्वतःला विचारतो. बर्न हे बोलतो की गातो, हे सांगता येत नाही. आपला कीर्तनकार निरूपण करता करता बोलण्यातून गाण्यात शिरतो, तसाच हा प्रकार. आणि बुवांची ओळ टाळकऱ्यांनी उचलून धरावी, तसे मागचे आवाज धृपद उचलून धरतात. अशा ठिकाणी गीत बुवांचे की टाळकऱ्यांचे, हे कोणी ठरवावयाचे?

दुर्दैवाने मेळात हाच प्रश्न उभा राहिला. रचनेचे श्रेय कोणाच्या नावे किती लिहावे, यावरून कुरबुरी झाल्या. वर्तमानपत्रांचे व समीक्षकांचे लक्ष गायकावरच खिळलेले होते. १९८१ साली फ्रँट्झ व टीना या पतिपत्नींनी ‘टॉम टॉम क्लब’ या नावाने स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील ‘जीनियस ऑफ लव्ह’ या गीताचा ठेका पुढे कित्येक गायकांनी आपापल्या गीतांत घेतला. १९९५ सालचे मराया कॅरीचे ‘फँटसी’ हे गीत त्याच ठेक्यावर उभे आहे. साथीदार म्हणून ज्यांची गणना होत होती, त्यांच्या हातांत काय सामर्थ्य होते, याचा याहून निराळा पुरावा नको.

तरीही मेळाचे सर्वांत सुंदर चित्र त्यानंतर काढले गेले. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवुडच्या पँटेजिस नाट्यगृहात झालेल्या कार्यक्रमांचे जोनाथन डेमी या दिग्दर्शकाने चित्रीकरण केले. तोच १९८४ सालचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट. पडदा नाही, सजावट नाही. रिकाम्या रंगमंचावर बर्न एकटा येतो, हातातील टेपयंत्र खाली ठेवतो आणि गिटार वाजवून गाऊ लागतो. दुसऱ्या गीताला टीना येते. तिसऱ्याला फ्रँट्झ, चौथ्याला हॅरिसन. मग दोन गायिका, तालवाद्यवादक, की-बोर्डवादक बर्नी वॉरेल, आणखी एक गिटारवादक अशी माणसे वाढत वाढत नऊ होतात. काळ्या पोशाखातील कामगार आपल्यादेखत ड्रमचे चौथरे ढकलीत आणतात. जपानी ‘नो’ नाट्यावरून सुचलेला तो प्रचंड, ढगळ कोट घालून बर्न नाचतो, ते दृश्य पुष्कळांच्या स्मरणात राहिले. परंतु मला विचाराल तर चित्रपटाचे मर्म त्या कोटात नाही. एकटेपणाने कापत असलेला माणूस, सोबत वाढत जाते तसतसा मोकळा कसा होतो, हे त्या दीड तासात आपण डोळ्यांनी पाहतो.

आणि असे असूनही तो सोबत सोडून गेला. १९८८ सालच्या ‘नेकेड’ या ध्वनिमुद्रिकेनंतर मेळाने नव्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढली नाही. १९९१ च्या अखेरीस मेळ संपल्याचे बर्नने जाहीर केले, तेव्हा फ्रँट्झ व टीना यांना ही वार्ता वर्तमानपत्रावरून कळली. सोळा वर्षांच्या सहवासाची अशी सांगता व्हावी, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि बर्नच्या स्वतंत्र कारकिर्दीचा विचार केवळ या खेदाच्या चष्म्यातून करणे न्याय्य होणार नाही. ‘द लास्ट एम्परर’ या चित्रपटाच्या संगीतासाठी १९८८ साली र्‍यूइची साकामोतो व कॉंग सू यांच्यासह त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९८९ च्या ‘रेई मोमो’ या ध्वनिमुद्रिकेत तो क्यूबा, ब्राझील, कोलंबिया या देशांच्या तालांकडे वळला. त्याच सुमारास त्याने ‘लुआका बॉप’ ही ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. रिओ येथील एका दुकानात त्याला टॉम झे या ब्राझीलच्या संगीतकाराची जुनी ध्वनिमुद्रिका सापडली. हा कल्पक कलावंत तेव्हा स्वदेशातही विस्मृतीत गेला होता आणि गावी परतून नातलगाच्या पेट्रोलपंपावर काम करण्याच्या विचारात होता. बर्नने त्याचा शोध घेतला, १९९० साली त्याच्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि टॉम झेचे दुसरे कलाजीवन सुरू झाले. कर्नाटकाच्या सीमेवर राहणाऱ्या श्रोत्यांना हेही ऐकून मौज वाटेल की, १९९२ साली याच संस्थेने कन्नड चित्रपटांचे संगीतकार विजयानंद यांच्या गीतांचा संग्रह ‘डान्स राजा डान्स’ या नावाने अमेरिकेत काढला. ज्याने साथीदारांचे ऋण मानण्यात हात आखडता घेतला, त्यानेच दूरच्या अपरिचितांचे गुण जगापुढे मांडले. मनुष्यस्वभाव असा गुंतागुंतीचा असतो!

त्याची स्वतंत्र गीते सर्वच सारख्या तोलाची आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी बुद्धीची चमक दिसते. पण पायांखालची ती जमीन लागत नाही. जेथे त्याच्यापुढे तोडीचे सहकारी उभे राहिले, तेथे मात्र तो खुलला. २०१२ साली त्याने ‘हाऊ म्यूझिक वर्क्स’ हे पुस्तक लिहिले. संगीत हे ज्या जागेत वाजावयाचे त्या जागेच्या मापाने घडते, हा त्यातील एक प्रमुख विचार आहे. दगडी कॅथीड्रलमध्ये नाद दीर्घकाळ घुमतो, म्हणून तेथील गायन संथ झाले. उघड्या मैदानात नाद विरून जातो, म्हणून तेथे ढोलांचे गुंतागुंतीचे ताल शोभले. आणि सीबीजीबीच्या बुटक्या खोलीत प्रत्येक स्वर सुटा ऐकू येई, म्हणून त्याच्या मेळाचे संगीत तसे झाले. जागेचे हे ऋण ज्याने इतक्या बारकाईने मांडले, त्याला माणसांचे ऋण कळावयास मात्र अधिक काळ लागला.

ते कळल्याची साक्ष ‘अमेरिकन यूटोपिया’ या कार्यक्रमात मिळते. २०१८ साली याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. २०१९ मध्ये कार्यक्रम ब्रॉडवेवर आला आणि २०२० साली स्पाइक ली याने त्याचा चित्रपट केला. बर्न व त्याचे अकरा सहकारी करड्या पोशाखात, अनवाणी, वाद्ये अंगावर बांधून रंगमंचावर वावरतात. कोठे तार नाही, चौथरा नाही. पुढचा आणि मागचा असा भेदच नाही. एका ड्रमवादकाचे काम अनेकांत वाटून दिलेले आहे, त्यामुळे ताल पूर्ण होण्यासाठी प्रत्येकाला शेजाऱ्याकडे कान द्यावा लागतो. चर्चच्या गायकवृंदात ज्यांनी भाग घेतला आहे, त्यांना ही शिस्त परिचित आहे. १९८३ साली माणसे एकेक करून त्याच्यापाशी आली होती. येथे तो त्यांच्यातील एक होऊन चालतो. त्या वेळी त्याने वयाची पासष्टी ओलांडली होती.

२०२३ साली ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्यानिमित्त टोरांटो येथील महोत्सवात चौघेही अनेक वर्षांनी एकत्र बसले. तरुणपणी आपण हुकूमशहासारखे वागत होतो, मेळाचा शेवट आपण नीट केला नाही, असे बर्नने त्या वर्षी मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले. यामुळे मेळ पुन्हा जुळला नाही. काही गोष्टी उशिरा उमगतात आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. परंतु उशिरा दिलेले श्रेयही न दिलेल्या श्रेयाहून बरे.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणास कुतूहल वाटले, तर ‘वन्स इन अ लाइफटाइम’ हे गीत दोनदा ऐकावे. पहिल्या वेळी बर्नच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या वेळी तो आवाज जणू नाहीच असे समजून टीनाच्या बासचे मोजके स्वर तेवढे ऐकावेत. मग घरातील, शाळेतील, कचेरीतील ज्या कामाला आपण सहज ‘माझे काम’ असे म्हणतो, त्याच्या खाली कोणाचा ठेका चालला आहे, याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. ती माणसे जवळपास आहेत तोवरच त्यांना तसे सांगून टाकावे.