सावल्या वाचणारा संपादक

(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्यांच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या क्षेत्रातील एखाद्या थोर व्यक्तीविषयी बोलावे, एवढीच सूचना समितीने मला केली होती. क्ष-किरणांचे नाव काढले की सर्वांना विल्हेल्म रोंटगेन आठवतो. १८९५ साली त्याने लावलेला शोध आपण सर्वांनी याच शाळेत घोकला आहे. मी आज बोलणार आहे ते मात्र पाठ्यपुस्तकात नसलेल्या माणसाविषयी, बेंजामिन फेल्सन यांच्याविषयी. त्यांनी कोणताही किरण शोधला नाही. किरणांनी उमटवलेली सावली कशी वाचावी, हे त्यांनी दोन-तीन पिढ्यांना शिकवले आणि एका नियतकालिकाचे संपादन केले.

त्यांचा जन्म १९१३ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या न्यूपोर्ट गावी झाला. नदी ओलांडली की सिनसिनाटी. तेथील विद्यापीठातून १९३५ साली ते डॉक्टर झाले. महायुद्धातील लष्करी सेवा सोडली तर त्यांची जवळजवळ सारी कारकीर्द त्याच शहरात गेली. १९५१ पासून दोन दशकांहून अधिक काळ ते तेथील क्ष-किरण विभागाचे प्रमुख होते. नाव जगभर झाले तरी गाव सुटले नाही, हे मला त्यांच्याविषयी विशेष आवडते.

१९५० साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी हेन्री फेल्सन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात मांडलेली कल्पना आज जगातला प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. छातीच्या फिल्मवर हृदयाची कड स्पष्ट दिसते, कारण हृदय घन असते आणि त्याला लागून असलेल्या फुफ्फुसात हवा असते. फुफ्फुसाचा तोच भाग न्यूमोनियाने भरून आला की कड पुसली जाते. चुन्याने रंगवलेल्या भिंतीला पांढरी चादर टेकवून पाहावी. चादरीचा काठ कोठे संपतो ते डोळ्यांना कळत नाही. भिंत आणि चादर यांच्यामध्ये काळा पडदा असता, तर काठ उठून दिसला असता. तेव्हा हृदयाची उजवी कड पुसली असेल, तर आजार उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात. डाग हृदयावर पडलेला दिसतो आणि तरी कड शाबूत आहे, तर आजार मागे, खालच्या खंडात. केवळ समोरून घेतलेल्या एका चित्रावरून खोलीचा अंदाज! याला ‘सिल्हूट साइन’ म्हणतात. हे निरीक्षण सिनसिनाटीतच केनन डनहॅम या ज्येष्ठ डॉक्टरांनी १९३५ साली केले होते आणि फेल्सन यांनी ते श्रेय त्यांना दिलेही. पण त्या निरीक्षणाला नाव देऊन, तपासून, शिकवता येईल असे रूप त्यांनी दिले. अध्यापकाचे काम म्हणतात ते हेच.

१९६५ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी छातीच्या क्ष-किरणांवर एक पुस्तक काढले. त्यात दर दोन-चार वाक्यांनंतर एक प्रश्न येतो. उत्तर झाकायचे, आपले उत्तर लिहायचे, मग ताडून पाहायचे. मधूनमधून विनोद. वैद्यकीय ग्रंथात विनोद म्हणजे देवघरात शिट्टी, असे त्या काळी पुष्कळांचे मत असावे. पुस्तक मात्र टिकले. पुढील आवृत्त्या लॉरेन्स गुडमन यांनी सिद्ध केल्या आणि ती फेल्सन यांच्याच नावाने ओळखली जातात.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, ‘सेमिनार्स इन रोंटगेनॉलॉजी’ हे त्रैमासिक सुरू झाले. फेल्सन त्याचे संपादक. प्रत्येक अंक एकाच विषयाला वाहिलेला. आरंभी संपादकाचे एक पत्र असे आणि अनेक वाचक अंक उघडताच आधी तेच वाचत. बोजड लेखनाचा त्यांना तिटकारा होता. जे एका वाक्यात सांगता येते त्याला तीन वाक्ये लावणारा लेखक त्यांच्या हातून सहजी सुटत नसे. आपल्या शाळेत निबंधाच्या वहीवर लाल शाईने ‘पाल्हाळ’ असा शेरा मिळालेल्यांना हा संपादक ओळखीचा वाटेल.

त्यांच्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आता सांगतो. १९६८ साली अमेरिकेतील फार्मिंग्टन येथे खाणीतील स्फोटात ७८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९६९ च्या कायद्याने कोळसा-खाणकामगारांच्या छातीची क्ष-किरण तपासणी आणि फुफ्फुसात धूळ साचून होणाऱ्या आजाराची भरपाई यांची तरतूद झाली. फिल्म वाचणारे डॉक्टर ठिकठिकाणचे. १९७३ साली फेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फिल्मच्या फेरवाचनाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की तीच फिल्म, पण पहिला वाचक आणि अनुभवी वाचक यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत. आपल्याच व्यवसायबंधूंविषयी हे छापायला धैर्य लागते. त्यानंतर फिल्म वाचणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘बी रीडर’ म्हणून प्रमाणित करण्याची पद्धत रूढ झाली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणात डागांची दाटी दोन अंकांनी लिहितात. आधी निश्चित केलेली श्रेणी, मग रेघ, मग गांभीर्याने विचारात घेतलेली दुसरी श्रेणी. ०/१ म्हणजे ‘आजार नाही, पण शंका आली होती’. १/० म्हणजे ‘आजार आहे, पण नसेल असेही वाटले होते’. अमेरिकी भरपाईच्या नियमांत १/० हा पुरावा ठरतो, ०/१ ठरत नाही. अंक तेच, फक्त जागा बदललेली. आणि तेवढ्यावर एका कुटुंबाचे पुढचे दिवस.

हे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या लहानपणीची पाटी आठवावी. त्या पाटीवरच्या पेन्सिली माळव्यात, मंदसौर भागात, दगड यंत्राने कापून बनत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेथील कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. आपण ज्या पेन्सिलीने मुळाक्षरे गिरवली तिची धूळ कोणाच्या तरी छातीत बसत होती. सिलिकोसिसची फिल्म क्षयासारखी दिसू शकते. त्यावर क्षय असे लिहिले गेले, तर त्या माणसाला औषध मिळेल, भरपाई मिळणार नाही. म्हणून मी शिकवतो त्या विभागात धुळीत काम करणाऱ्यांची प्रत्येक फिल्म दोघे स्वतंत्रपणे वाचतात. दुसऱ्याने पहिल्याचा अभिप्राय आधी पाहायचा नाही, असा दंडक आहे. वेळ जातो, तक्रारीही होतात. दंडक मात्र कायम आहे.

फेल्सन १९८८ साली वारले. त्यांनी लोकप्रिय केलेला एक शब्द आमच्या व्यवसायात आजही रोज ऐकू येतो: ‘मिनी मावशी’. त्याचे मूळ श्रेय न्यूहॉजर या रेडिऑलॉजिस्टना देतात. बाजारातल्या गर्दीत पाठमोरी मावशी आपण क्षणात ओळखतो. कशावरून, ते सांगता येत नाही. काही आजारांची फिल्म तशी असते. विद्यार्थ्यांना ही मावशी फार आवडते. मी त्यांना तरीही ‘कशावरून’ हे विचारतोच.

विज्ञान प्रदर्शनाच्या दालनात प्रकाशपेटीवर छातीच्या दोन फिल्म लावल्या आहेत. एकीत हृदयाची उजवी कड आहे, दुसरीत नाही. चहापानानंतर मी तेथेच थांबणार आहे. मुलांना अवश्य घेऊन यावे. आजार कोणत्या खंडात आहे, ते त्यांनीच सांगावे.