त्यांचे स्वतःचे कायदे



कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात
2018 साली कायद्याचा एक आगळा अभ्यासक्रम सुरू झाला.
वर्षं चार.
पदव्या दोन.
एक, कॅनडाच्या कायद्याची.
दुसरी, तिथल्या आदिवासी समाजांच्या कायद्यांची.

हो, त्यांचे स्वतःचे कायदे.
जमीन कुणी राखायची,
मासे कुणी धरायचे,
भांडण कसं मिटवायचं,
हे त्यांच्या कथांत आणि विधींत सांगितलेलं असतं.
म्हणून विद्यार्थी गावांत जाऊन, जाणत्यांजवळ बसूनही शिकतात.

मला हे फार मोलाचं वाटतं.
कारण याच समाजांची मुलं एकेकाळी सक्तीनं निवासी शाळांत नेली जात.
तिथं त्यांची भाषाही हिरावली जाई.

जॉन बॉरोज आणि व्हॅल नेपोलियन
या आदिवासी कायदेपंडितांनी हा अभ्यासक्रम उभारला.
पहिली तुकडी 2022 मध्ये बाहेर पडली,
दोन्ही कायदे शिकून.