एक ससा म्हणजे दुष्काळ
(आपल्या मासिक सभेतील भाषणाचा संक्षेप)



चित्रलिपी म्हटले की बालवाडीतला तक्ता डोळ्यांसमोर येतो. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या पोथ्या पाहिल्या की हा समज टिकत नाही.

दिवसांना त्यांची वीस चिन्हे होती: मगर, वारा, घर, सरडा वगैरे. जोडीला १ ते १३ अंक, ठिपक्यांनी दाखवलेले. वीस तेरे २६० दिवसांचे हे चक्र. वर्ष मात्र ३६५ दिवसांचे. ३६५ ला २० ने भागले तर बाकी ५, म्हणून वर्षाला नाव देण्याचा मान चारच चिन्हांना: ससा, बोरू, गारेचे पाते आणि घर. १३ ने भागले तर बाकी १, म्हणून अंक दरवर्षी एकाने पुढे. चार तेरे बावन्न. दर ५२ वर्षांनी तेच नाव परत येते, आपल्या साठ संवत्सरांसारखे.

१४५४ साल होते '१ ससा'. त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला, इतका की नाहुआत त्याचे क्रियापदच झाले: माणसे 'एक-ससा झाली'. आपण नाही का 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणत! १५०६ मध्ये '१ ससा' पुन्हा आला. त्या वर्षी चक्र संपून नवा अग्नी चेतवायचा होता. तेलेरियानो-रेमेन्सिस या पोथीतली स्पॅनिश टीप सांगते की वर्ष अशुभ म्हणून मोक्तेसुमाने तो विधी १५०७ वर, '२ बोरू'वर ढकलला. पंचांग अटळ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

या पोथ्या मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. स्पॅनिश धर्मगुरूंनी त्या जाळल्या हे सर्वांना ठाऊक असते. पण पंधराव्या शतकात इत्झकोआत्ल या राजाच्या काळीही जुन्या पोथ्या जाळल्याचे खुद्द नाहुआंनीच साहागुनला सांगितले आहे. इतिहास जाळण्याची मक्तेदारी फक्त परक्यांची नसते, हे आपल्यापैकी काहींना अडचणीचे वाटेल.

वर सांगितलेली पोथी स्पॅनिश अमलातली, सोळाव्या शतकातली. तिच्यात निळ्या चौकटींत वर्षे आहेत आणि काही वर्षांशी 'ओलिन' म्हणजे हालचालीचे चिन्ह जमिनीच्या चित्राला जोडले आहे. अर्थ, भूकंप. २०२१ मध्ये मेक्सिकोतल्या जेरार्दो सुआरेस आणि विर्हिनिया गार्सिया-आकोस्ता या अभ्यासकांनी तिच्यातले १४६० ते १५४२ या काळातले बारा भूकंप वाचून दाखवले. चिन्हाच्या मधोमध डोळा असतो. उघडा असेल तर धक्का दिवसा बसला, मिटलेला असेल तर रात्री.